थिजलेला आकडा

आमच्या शेजारच्या गावात दोघे भाऊ विहिरीत गेले, त्या उन्हाळ्यापासून मला विहिरीची भीती बसली. धाकटा गाळ काढायला उतरला होता. तो ओ देईना म्हणून थोरला उतरला. बुडून मरण्याइतकं पाणीच नव्हतं तिथं, जेमतेम घोट्याएवढं होतं. गाळ ढवळल्यानं तळाची हवा खराब झाली होती, एवढंच. त्यांना वर काढणाऱ्यांत माझा नवरा होता. घरी आल्यावर त्यानं अंघोळ केली आणि न जेवता अंगणात जाऊन पडला. आमचीही विहीर तशीच खोल आहे आणि दरवर्षी पाणी आटलं की तोच तिच्यात उतरतो, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

माझं माहेर सिरसाळ्याचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी केजजवळच्या या गावात नांदायला आले आणि आता केजमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलांचे प्रोजेक्ट करून घेता घेता मला छोट्या कॉम्प्युटरचा नाद लागला. पत्त्यांच्या जोडाएवढा एकच बोर्ड असतो. त्याला ना कीबोर्ड, ना स्क्रीन. जे लागेल ते आपण वायरींनी जोडायचं. त्याला हवेतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर जोडता येतो हे मला माहीत होतं. सेन्सर लांब वायरीनं विहिरीत सोडायचा, बोर्ड काठावर ठेवायचा आणि आकडा दिसण्यासाठी काडेपेटीएवढा डिस्प्ले लावायचा, असं मी ठरवलं.

सेन्सर पहिल्या झटक्यात चालला. त्रास दिला तो डिस्प्लेनं. आधी तो पेटेचना. वायरी बदलल्या तेव्हा पेटला, पण त्यावर नुसते वाळूसारखे पांढरे दाणे दिसायचे. रविवारची सगळी दुपार मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बोर्ड मांडून बसायची. नवरा पाणी प्यायला आत यायचा, बघायचा आणि जायचा. हळूहळू मला तपासायचा क्रम सापडला. आधी वीज पोचते का बघायचं. मग वायरी. मग बोर्डाला डिस्प्ले ओळखू येतो का ते बघायचं. त्यासाठी एक कमांड असते, ती दिली की रेघारेघांचा तक्ता उमटतो आणि डिस्प्ले नीट जोडलेला असेल तर त्या रेघांमध्ये एका जागी त्याचा क्रमांक दिसतो. तो दिसला तर चूक प्रोग्रॅममध्ये. माझी चूक शेवटी प्रोग्रॅममध्येच निघाली, दुसऱ्याच जातीच्या डिस्प्लेसाठी लिहिलेला तुकडा मी वापरला होता. तो बदलल्यावर काळ्या काचेवर पांढरा आकडा आला. वीस पूर्णांक काहीतरी. स्वयंपाकघरातली हवा चांगली होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना हे यंत्र फारसं पटलं नव्हतं. त्यांच्या मते विहिरीत कंदील सोडावा, विझला तर उतरू नये, एवढं पुरे. तरी ते जवळ येऊन बसले आणि म्हणाले की त्यात घड्याळ टाकता आलं तर टाक, हातातल्या घड्याळाचे काटे आता दिसत नाहीत. मी कोपऱ्यात घड्याळ टाकलं, सेकंदांसकट. त्यांनी ते थोडा वेळ पाहिलं आणि उठून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मोटार पाणी ओढेना. पाइपाच्या तळाशी झडप असते, तिला फुटवॉल म्हणतात, ती गाळात रुतली होती. केजहून मोटारीचा मिस्त्री आला. तो नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त, आमच्या घरातला असल्यासारखाच. त्यानं वाकून पाहिलं आणि सांगितलं की उतरल्याशिवाय व्हायचं नाही, गाळ सारून झडप मोकळी करावी लागेल. नवऱ्यानं शर्ट काढला. मी म्हटलं, आधी यंत्र.

माझ्यासाठी म्हणून त्यांनी सगळं केलं. मामांनी कंदील सोडला, तो तळापर्यंत जळत राहिला आणि जळतच वर आला. मी सेन्सर सोडला, आकडा वीसच्या वर होता. नवऱ्याच्या कमरेला आणि काखेतून दोर बांधला, तो विहिरीवरच्या कप्पीतून घेऊन ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला अडकवला. गाळाच्या बादल्या आम्ही तशाच ओढतो. मग तो दोराच्या शिडीनं खाली गेला. त्याचं डोकं लहान होत गेलं. खालून फावड्याचा आवाज यायला लागला तेव्हा मी काठावर मांडी घालून बसले, बोर्डाचा डबा पुढ्यात घेतला आणि डिस्प्लेकडे बघत राहिले.

ऊन चढत होतं. काचेवर उजेड पडून आकडा दिसेना म्हणून मी डबा उचलून ओढणीच्या सावलीत धरला. वीस पूर्णांक सहा. मिस्त्री काठावर उभा राहून खाली सूचना देत होता, नवरा उत्तर देत होता, मधूनच काहीतरी चेष्टाही करत होता. वीस पूर्णांक सहा. मला बरं वाटत होतं. आकडा जराही हलत नव्हता आणि मी मनात म्हणत होते, बघ, उगीच घाबरत होतीस.

मग मामांनी मला दुसऱ्यांदा वेळ विचारली. त्यांना जेवणाआधी गोळी घ्यायची होती. मी डिस्प्लेच्या कोपऱ्यातली वेळ सांगितली. ते म्हणाले, "मघाबी तू हेच सांगितलं की."

मी परत पाहिलं. घड्याळाचे सेकंद हलत नव्हते.

क्षणभर मला काही समजेचना. स्क्रीन स्वच्छ पेटलेला होता, आकडा ठळक होता, काहीच बिघडल्यासारखं दिसत नव्हतं. डिस्प्ले काळा पडला असता तर मी लगेच ओरडले असते. हा तर छान चाललेला दिसत होता आणि मेलेला होता. तो कधी थांबला, मला माहीत नव्हतं. मी सावलीत बसून किती वेळ जुन्या हवेचा आकडा बघत होते, तेही माहीत नव्हतं.

मी वाकून हाक मारली, "अहो, वर या. लगेच या."

खालून थोड्या वेळानं आवाज आला, "आलो. एवढं निघालं की आलो."

मी मिस्त्रीला सांगितलं की डिस्प्ले बंद पडलाय, त्यांना वर बोलवा. त्यानं वाकून डब्यात पाहिलं. तो घाबरट नाही आणि मूर्खही नाही, पण जे दिसलं तेच बोलला. "भाभी, वीस तर दिसायलंय की."

"ते जुनं आहे," मी म्हटलं. "आताचं नाही."

त्याला ते समजेना आणि मला समजावून सांगता येईना. पेटलेला आकडा खोटा कसा असेल? त्यानं तरी खाली हाक मारून दोस्ताला वर यायला सांगितलं. त्यावर उत्तर आलं, पण ते नुसतं "हं" असं होतं. फावड्याचा आवाज मंदावला होता. मी मघाशी तो ऐकतच नव्हते, माझं सगळं लक्ष आकड्यात होतं. आता ऐकला. एक घाव, मग बराच वेळ काही नाही, मग एक घाव.

मी मोबाइल काढला. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला की बोर्ड आपोआप जोडला जातो आणि मोबाइलवरून त्याच्या आत शिरता येतं, अशी सोय मी केलेली होती. पासवर्ड चुकला. परत चुकला. माझी बोटं घामानं काचेवरून घसरत होती आणि तिकडे मिस्त्री हाका मारत होता. तिसऱ्यांदा आत गेले. आधी ती तक्त्याची कमांड दिली, दुपारच्या दुपार ओट्यावर दिली होती तीच. नुसत्या रेघा आल्या. कुठंच क्रमांक नाही. बोर्डाला डिस्प्ले दिसतच नव्हता. तो बोर्डापासून तुटला होता आणि तुटताना जे दाखवत होता तेच धरून बसला होता. पण सेन्सर वेगळ्या वायरींवर होता, आणि त्याची प्रत्येक नोंद प्रोग्रॅम एका फाइलमध्ये लिहीत होता. मी फाइलचं शेपूट, म्हणजे शेवटच्या नोंदी, उघडलं.

आकडे माझ्या डोळ्यांसमोर खाली सरकत होते. तेरा. बारा पूर्णांक काहीतरी. मी बघत असतानाच अकरा आलं.

मी मोबाइल मिस्त्रीच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "हे खरं आहे."

त्यानं मोबाइल हातातही घेतला नाही. खाली वाकून त्यानं नवऱ्याला नावानं हाक मारली. उत्तर आलं नाही. आम्ही तिघांनी पाहिलं. नवरा विहिरीच्या भिंतीला टेकून बसला होता, फावडं मांडीवर, मान खाली. जणू दमून बसला आहे आणि आता उठेल.

मिस्त्रीनं चपला काढल्या आणि शिडीवर पाय टाकला. त्या वेळी मला त्याला अडवायचं सुचलं नाही, हे खरं आहे. मला तो उतरायलाच हवा होता. कुणीतरी खाली जावं आणि माझ्या माणसाला हात लावावा, एवढंच मला वाटत होतं. मामांनी त्याचा दंड धरला. सत्तरी पार केलेला माणूस, पण मिस्त्रीला हात सोडवता येईना.

"खाली न्हाई जायचं," मामा म्हणाले. "ट्रॅक्टर चालू कर."

त्यांचा मुलगा खाली होता. त्यांचा आवाज चढला नव्हता. मिस्त्री पळत जाऊन ट्रॅक्टरवर बसला. मामांनी मला कप्पीजवळ उभं केलं, दोर कडेला घासू देऊ नकोस म्हणाले, आणि स्वतः काठावर पालथे पडून खाली बघत हातानं खुणा करू लागले. पहिल्या झटक्यात दोर ताणला गेला आणि नवरा भिंतीपासून सुटून लोंबकळला. पाय गाळात ओढले गेले. एक चप्पल तिथंच राहिली. मामांचा हात हळू, हळू असं सांगत होता. ट्रॅक्टर बोटाबोटानं पुढं जात होता. कप्पी कुरकुरत होती आणि मला वाटत होतं, ती आता तुटेल. कप्पी तुटेल, गाठ सुटेल, दोर कडेवर कापला जाईल. प्रत्येक गोष्ट होऊ शकत होती आणि मी फक्त दोराला दोन्ही हातांनी कडेपासून लांब धरून उभी होते. माझ्या तळव्यांची साल निघाली, ते मला संध्याकाळी दिसलं.

अर्ध्यावर आल्यावर त्यानं मान उचलली. मामा म्हणाले, "हललाय." मग त्याचा एक हात शिडी चाचपडायला लागला. मी रडायला लागले, पण दोर सोडला नाही.

वर आल्यावर तो कुशीवर पडून ओकला. ओठ निळसर होते, डोकं फुटतंय म्हणत होता, आणि मधेच विचारत होता की फुटवॉल निघाला का. मिस्त्रीनं गावातली जीप आणली. सगळ्या वाटेत मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. त्याला झोप येत होती आणि मी त्याला झोपू देत नव्हते. काहीबाही विचारत राहिले, आमच्या पोरीच्या शाळेचं, बैलाच्या खुराचं, आणि त्यानं उत्तर द्यायला उशीर केला की त्याला हलवत राहिले.

केजच्या दवाखान्यात त्याच्या नाकाला ऑक्सिजन लावला आणि बोटाला चिमटा. चिमट्यावर छोटा स्क्रीन होता आणि त्यात आकडा. नर्सनं मला तो दाखवला आणि सांगितलं की सुधारतोय, काळजी करू नका. ती गेली. मी त्या आकड्याकडे बघत बसले. तो बराच वेळ तसाच राहिला. शेवटी मला सहन झालं नाही, मी नवऱ्याच्या बोटाचा चिमटा काढून माझ्या बोटाला लावला. आकडा गेला, रेघा आल्या आणि मग दुसरा आकडा आला. परत त्याच्या बोटाला लावला. परत रेघा, परत आकडा. नर्सनं मला तसं करताना पाहिलं आणि रागावली. मी तिला कारण सांगितलं नाही. ती गेल्यावर मी पुन्हा केलं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सोडलं. डोकेदुखी राहील थोडे दिवस, बाकी ठीक आहे म्हणाले.

यंत्राचा डबा काठावरच राहिला होता. मिस्त्रीनं तो घरी आणून दिवाणावर ठेवला होता आणि मला त्याला हात लावायची हिंमत होईना. पण कळल्याशिवायही राहवेना. एका सकाळी मी तो ओट्यावर घेतला आणि जुन्याच क्रमानं सुरुवात केली. वीज ठीक होती. डिस्प्लेला चार वायरी असतात, दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. विजेच्या दोन्ही घट्ट होत्या. निरोपाची एक टोकाशी सैल होती, बोट लावलं की निघायची. मी डबा सावलीत घेण्यासाठी उचलला तेव्हा ती निघाली असणार. वीज मिळत राहिली म्हणून डिस्प्ले पेटत राहिला आणि नवा निरोप येईना म्हणून जुनाच आकडा धरून बसला. आणि डिस्प्लेत काही अडचण आली तरी मोजणी थांबू नये, असं मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. त्यामुळं फाइल वाचता आली, आणि त्यामुळंच बोर्डानं कसली तक्रारही केली नाही.

मी ती वायर लावली. घड्याळ चालू झालं. मग काढली. सेकंद थांबले, आकडा मात्र तसाच, ठळक, शांत. मी पुन्हा लावली, पुन्हा काढली. नवरा दारात येऊन उभा राहिला होता, मला कळलं नव्हतं.

"येवढंच का?" तो म्हणाला.

"एवढंच," मी म्हटलं.

तो जवळ आला आणि त्यानं स्वतः ती वायर लावून, परत काढून पाहिली.

नंतर मी सगळ्या वायरी डाख मारून पक्क्या केल्या. पण माझा स्क्रीनवरचा विश्वास उडाला होता, म्हणून एक छोटा भोंगाही लावला. प्रत्येक वेळी हवा मोजली की तो टिक करतो. टिक ऐकू येत असेल तर यंत्र जिवंत आहे. आकडा उतरला तर तो सलग वाजतो. आणि आवाज बंद झाला तर कारण शोधत बसायचं नाही, माणूस वर काढायचा. मामांना हे पटलं. मिस्त्रीनं आजूबाजूच्या गावांत सांगितलं आणि लोक यंत्र मागायला येऊ लागले. सुरुवातीला मी नाही म्हटलं. माझ्या डब्याच्या भरवशावर कुणी उतरावं ही कल्पनाच मला सोसेना. पण न देताही ते उतरणारच होते. आता देते, मात्र मी स्वतः काठावर बसणार या अटीवर. सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीच्या गाडीवर मागं बसून जाते. अनोळखी विहिरीच्या काठावर, अनोळखी बायकांच्या मधे बसते, आणि त्या चहा घ्या म्हणतात तेव्हा कप बाजूला ठेवते. टिक, टिक ऐकत राहते. कुणी मोठ्यानं बोललं तर गप्प बसायला सांगते. लोकांना मी फटकळ वाटत असणार.

नवरा विहिरीत उतरत नाही. आमची झडप शेवटी पाइपासकट ट्रॅक्टरनं ओढून काढली. त्या दिवसाबद्दल तो कित्येक महिने बोलला नाही. मग ज्वारीच्या काढणीच्या वेळी आम्ही दोघं बांधावर भाकरी खात बसलो होतो तेव्हा मी विचारलं, खाली असताना तुम्हाला कळलं होतं का? भीती वाटली का?

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"भ्याव न्हाई वाटलं," तो म्हणाला. "बरं वाटायलतं. गार. तू वरून वरडायलतीस ते ऐकू यायलतं, पन मला वाटलं, कावून वरडायली ही, समदं तर ठीक हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. वारं सुटलं होतं, कापलेल्या ज्वारीच्या पेंढ्या एका बाजूनं सुटत होत्या. थोड्या वेळानं तो उठला, त्या परत बांधायला गेला, आणि मीही त्याच्या मागं गेले.